निकालाआधीचा पेला

“हाच प्रयोग कोऱ्या कांडीनं करून पाहिलात का?”

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेसाठी बुडापेस्टहून आलेल्या परीक्षक होल्लोबाईंनी चष्म्यावरून विचारलं, आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या एमोकेनं हातातला खडू खाली ठेवला.

काचेच्या चंबूत द्रावण ढवळायला बोटाच्या पेराएवढी पांढरी चुंबकाची कांडी टाकतात. ती जुनी झाली की तिच्या ओरखड्यांत आधीच्या प्रयोगांतल्या धातूचे कण दडून बसतात. कितीही धुवा, निघत नाहीत. आणि एमोकेचा सगळा प्रबंध सांगत होता, की ही रासायनिक क्रिया धातूवाचून घडते.

तिनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. तिथं तिचे मार्गदर्शक वेर्मेश सर बसले होते. वसंतात तिनं कोऱ्या कांडीचा चंबू त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, तेव्हा तेच म्हणाले होते, “आता हे उकरू नकोस. प्रबंध छापायला गेलाय. कुणी विचारलंच, तर मी आहे ना!”

सर आपल्या नखांकडं पाहत होते.

“केला होता,” एमोके म्हणाली. “क्रिया घडलीच नाही.”

सभागृहात कुजबुज झाली. होल्लोबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग प्रबंधात ते का नाही?”

एमोकेनं पुन्हा सरांकडं पाहिलं. तिच्या मते आता बोलायची पाळी त्यांची होती. आणि सर उठलेही. कोटाचं बटण लावलं, अध्यक्षांकडं वळले.

“अध्यक्षमहाशय, हे मी आज पहिल्यांदाच ऐकतोय. फार वाईट वाटतं. पोर हुशार आहे, पण जरा उतावळी.”

“सर, मी तुम्हाला दाखवलं होतं!”

सर हसले, लेकीकडं बघून बापानं हसावं तसे. “अगं बाळा, दिवसाकाठी किती गोष्टी दाखवतेस तू मला!”

सगळे हसले. मागच्या बाकांवरची तिच्याच प्रयोगशाळेतली मंडळीसुद्धा हसली. ज्याच्या भरवशावर नावेत पाय ठेवावा, त्यानंच मध्यधारेत वल्हं काढून घ्यावं, आणि वर काठावरच्यांना म्हणावं, बघा, हिला पोहता येत नाही.

“उत्तर मान्य?” अध्यक्षांनी रीतीप्रमाणं परीक्षकांना विचारलं.

“उत्तर खरं आहे, म्हणून मान्य,” होल्लोबाई म्हणाल्या. “पदवी द्यायची की नाही, ते आत ठरवू.”

समिती आतल्या खोलीत गेली, दार लागलं. बाकीचे बाहेर आले.

बाहेर आईनं टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, पोगाच्यांचे, म्हणजे चीज घातलेल्या छोट्या खाऱ्या पावांचे ढीग, घरच्या मळ्यातल्या लाल वाइनच्या बाटल्या. ती आत आलीच नव्हती. मला मेलीला त्यातलं काय कळतंय, म्हणून पोगाच्यांवर फडकी झाकत इथंच थांबली होती.

“कसं झालं गं? अशी पांढरी का पडलीस? सकाळी चर्चमध्ये मरियमआईपुढं दोन मेणबत्त्या लावल्यात मी. एक तुझी, एक सरांची.”

एमोकेनं तोंड उघडलं, तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

“सभेत तसंच बोलावं लागतं, बाळा,” सर हळूच म्हणाले. “दोघं बुडून काय उपयोग? एकजण काठावर राहिला, तर दुसऱ्याला हात तरी देता येतो. पुढं कळेल तुला.”

“सर!” आईनं ॲप्रनला हात पुसले आणि बूच ओढायला घेतलं.

“आई, अजून निकाल नाही लागला,” एमोके म्हणाली. “निकालाआधी बाटली उघडत नाहीत.”

“दुसऱ्यांसाठी नसतील उघडत. सरांना कसला निकाल?” आईनं तीन पेले भरले. “सर, पोरगी परगावी असते, पण तुमचा हात आहे तिच्या डोक्यावर, म्हणून मी रात्री निवांत झोपते. घ्या.”

सरांनी आईच्या पेल्याला पेला भिडवला. मग एमोकेनं आपला पुढं केला. ती सरळ त्यांच्याकडं पाहत होती.

“रंग काय सुंदर आलाय!” सर पेल्यात बघत म्हणाले. “यंदाचीच का?”

“अहो सर, असं काय करता!” आई खळखळून हसली. “पेला भिडवताना डोळ्यांत बघायचं असतं, आणि तुम्ही वाइनमध्ये काय बघताय? माझ्या लेकीला अपशकुन व्हायचा. बघा की तिच्याकडं!”

आतल्या खोलीचं दार करकरलं. सरांनी सुटल्यासारखी मान तिकडं वळवली. आईही वळली, सगळेच वळले.

एमोके तेवढी वळली नाही. पेला तसाच पुढं धरून ती सरांकडं पाहत उभी राहिली.