डाव्या गालावरची खळी

आपल्या गाडीचं चित्र काढून दाखव, असा वसुधाबाईंनी हट्टच धरला, तेव्हा अनुपमनं आपल्या फोनवर चित्रं काढणारी तीन ॲप उघडली आणि तिन्हींना एकच ओळ दिली: ‘माझ्या आईची जुनी आकाशी फियाट, ग्वारीघाटावर.’

पहिल्या चित्रातली गाडी हळद लागलेल्या नवरीसारखी झळकत होती, पण स्टिअरिंग डावीकडे. “ही तर परदेशातली सून!” बाई हसल्या. दुसरीला एकाच बाजूला तीन दारं. “हिच्यात अख्खी बारात मावते.”

तिसऱ्या ॲपनं फोनमधले फोटो बघायची परवानगी मागितली, ती अनुपमनं न वाचताच दिली. तिसरं चित्र आलं आणि बाईंचं हसू थांबलं. डाव्या मडगार्डवर पोचा होता. तोच. गाडी शिकताना तिलवाऱ्याच्या पुलाला घासून त्यांनीच पाडलेला. ‘गाडीच्या गालावरची खळी’ म्हणत नवऱ्यानं तो शेवटपर्यंत ठोकून घेऊ दिला नव्हता.

“याला खळी कोणी दाखवली रे?”

“अरे आई, मशीन आहे. अंदाजानं काढते.”

“अच्छा, अंदाज नेमका डाव्याच गालावर? अन् तू फोन काहून ओढून राहिला?”

बाईंनी चष्मा लावला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पुढच्या काचेवर मशीननं एक पाटीही काढली होती. शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवलेल्या बाईंनी ती वाचली आणि फोन हळूच मुलाच्या हातात ठेवला.

“चित्र बरोबर आलं, बेटा. जाहिरातीत एवढं सुधार. ‘बिकाऊ’मधला ऊ दीर्घ असतो.”