'काल'ची भिंत

बिल्डरच्या प्रसिद्धीचं काम तिच्याकडे होतं. जुनी वसाहत पाडून टॉवर उभा राहणार, तेव्हा फलकावर अर्ध्या भागात 'काल' आणि अर्ध्या भागात 'उद्या'. 'काल' इतका कळकट दिसला पाहिजे की कुणाचा जीव त्यात अडकू नये, हा तिचा ठरलेला शिरस्ता. ती स्वतः त्याच वसाहतीत वाढली होती, पण काम ते काम. फोटोग्राफरने रिकाम्या खोल्यांचे ढीगभर फोटो आणले. त्यातली सगळ्यात घाणेरडी भिंत तिने निवडली. रंगाचे पोपडे सुटलेले आणि खिडकीशेजारी एक काळपट, तेलकट डाग.

फलक लागला, तशी ती आईला कौतुकाने दाखवायला घेऊन गेली. आईने 'उद्या'कडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती चष्मा पुसून 'काल'समोरच उभी राहिली.

"आपलीच भिंत की गं ही. किती कानीकपाळी ओरडायचे मी, भिंतीला डोकं टेकून पेपर वाचू नका, तेल लागतं."

ती पुढे होऊन तो तेलकट डाग पाहू लागली. आई मात्र हसली.

"जन्मभर कॅमेरा दिसला की उठून जायचे तुझे बाबा. आता बघ, कसे निवांत बसलेत."