डावीकडे जाणारी सायकल

"हिला सायकल सरळ चालवता येत नाही. कधीच आली नाही," गोपाळकृष्णरावांनी दुकानात शिरता शिरताच सांगून टाकलं. "तेव्हा सायकलीत दोष शोधू नका. हिचं एकदा समाधान करा, की मी भंगारवाल्याला फोन करतो."

सायकल हातात घेतलेल्या मुलीने मान हलवली. दुकान तिचंच होतं. नाव दीक्षा. एका कानात इअरफोन, दोन्ही हात काळे. गोपाळकृष्णरावांनी तिच्याकडे आणि भिंतीवर टांगलेल्या रंगीत हेल्मेटांकडे एकाच नजरेने पाहिलं.

"पुण्यात एके काळी सायकली होत्या," ते म्हणाले. "आता सायकलीचे कपडे आहेत."

त्यांच्या मागोमाग त्यांची बायको श्यामलाबाई आत आल्या. सोमवारी त्या सोसायटीच्या फाटकाच्या डाव्या खांबावर आपटल्या होत्या. ढोपर अजून हिरवंनिळं होतं. त्यावरून नवऱ्याने निकाल दिला होता: सायकल बंद. पोहायला जायचंच असेल तर मी स्कूटरवर सोडेन, माझा पेपर वाचून झाला की. त्यांचा पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून होई तोवर तलावावर पोरांचा गलका सुरू झालेला असे. श्यामलाबाई जात त्या उजाडताना, पाणी अजून हललेलं नसे तेव्हा. हे नवऱ्याला समजावण्यात अर्थ नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "भंगारातच द्यायची आहे ना? मग त्याआधी दुसऱ्या कुणी पाना लावला तर काय बिघडलं?"

आजवर त्या सायकलीला दुसऱ्या कुणी पाना लावला नव्हता. गोपाळकृष्णराव लावू देत नसत. पंक्चरवाल्यापाशीसुद्धा ते स्वतः उभे राहत. ती सायकल चालते ती आपल्यामुळे, अशी त्यांची खात्री होती आणि ती कथा त्यांनी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली होती. आता दीक्षालाही ऐकवली; ती इअरफोनमधल्या गाण्यावर मान डोलवत होती.

"सायकल हिच्या माहेरची. चिमटा मोडला. म्हणजे पुढचं चाक धरतो तो. या मापाचा मिळेना. मी तेव्हा खडकीला कारखान्यात. जुन्या बाजारातून पुरुषांच्या सायकलीचा चिमटा आणला. तो निघाला लांब. बसवला की सायकल नाक वर करून उभी! दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. मी चिमटा तापवला, पुढे जास्त बाक दिला आणि उंची बरोबर खाली आणली. नुसत्या नजरेने. मापपट्टीसुद्धा घेतली नाही. पण चालवणारी ही! मी पाहुण्यांना सांगतो, हिच्या डाव्या बाजूने चालू नका. आणि लग्नाआधी म्हणे कर्वे रस्त्यावर दोन्ही हात सोडून जायची. बाता!"

श्यामलाबाईंनी पदर उजव्या दंडावर ओढून घेतला. तो दंड डाव्यापेक्षा जाड होता. शिंपीण दर वेळी माप घेताना विचारायची, "बाई, एकाच हाताने दळता का हो?"

दीक्षाने चाक काढलं, चिमटा सोडवला आणि फरशीवर आडवा ठेवला. तो डुगडुगला. तिने बोटाने दाबून पाहिलं. एक पाय टेकला की दुसरा उचलला जाई. तिने कानातला इअरफोन काढला.

"काकू, ही तुम्ही रोज चालवत होता?"

"रोज."

"अहो, याचे दोन पाय सारखे वाकलेलेच नाहीत. सायकल डावीकडेच जाणार. कुठल्या गाढवाने केलंय हे?"

श्यामलाबाई हेल्मेटं बघू लागल्या. गोपाळकृष्णरावांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

दीक्षाने त्या फ्रेमच्या मापाचा नवा चिमटा शोधून बसवला. श्यामलाबाईंनी सायकल गल्लीत काढली, टांग टाकली आणि थेट उजवीकडे उभ्या असलेल्या रिक्षावर जाता जाता वाचल्या.

"बघितलंत?" गोपाळकृष्णरावांचा चेहरा उजळला. "सोन्याचा चिमटा लावा! चालवणारी तीच."

"काका, त्यांचा हात अजून जुन्या सायकलीला सावरतोय," दीक्षा म्हणाली. "थांबा जरा."

श्यामलाबाई गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. वळल्या. येताना चाक आखल्यासारखं सरळ येत होतं. दुकान जवळ आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात हँडलवरून उचलले. जेमतेम विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत. मग हळूच पुन्हा टेकवले.

गोपाळकृष्णराव पायरी उतरून खाली आले. आवाज एकदम उतरला होता.

"इतक्या वर्षांत तुला कळलं नाही?"

"कळलं होतं की. तुम्ही बसवलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

श्यामलाबाईंनी सायकल स्टँडवर लावली.

"बोलले असते," त्या म्हणाल्या, "तर पुन्हा तुम्हीच दुरुस्त करायला बसला असता."