तालमीची पायरी

"त्या काचेच्या खोलीत मी न्हाई बसणार, पोरी," हिंदुरावअण्णा म्हणाले. "आमची तालीम गॅलरीच्या पायरीवर बसती, तर मीबी पायरीवर."

केतकी सरनाईकने कपाळावर हात मारला. कोल्हापूरचं हे नवं स्टेडियम तिनंच आखलं होतं. सकाळी हॉकी, संध्याकाळी फुटबॉल. मैदानाखालच्या तारा चेंडूची हालचाल टिपायच्या आणि काचेच्या खोलीत बसलेल्यांच्या तळपायांना ती जाणवायची. अण्णांसारख्या दृष्टी गेलेल्यांसाठीच ती खोली होती. पण भैरवपेठ तालमीचा, म्हणजे पेठेच्या फुटबॉल संघाचा, माणूस एकटा बसून मॅच बघत नाही, हे तिच्या आराखड्यात नव्हतंच.

तिनं खोली पाडली आणि तीच यंत्रणा तालमीच्या अख्ख्या पायरीखाली बसवली.

फायनलला अण्णांनी चपला काढून तळवे पायरीवर टेकवले. शेवटच्या मिनिटाला गोलपुढं झुंबड उडाली. चेंडू कुणालाच दिसेना.

"गोल!" अण्णा ओरडले.

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली. गोलच होता!

जल्लोष ओसरला तेव्हा केतकीनं खाली पाहिलं. अख्खी पायरी चपला काढत होती.