गोळी आधी कोणी घेतली

गोळी लागू पडत नव्हती. पाचवा दिवस होता, आणि शुभांगीला लागलेली धाप काचेपलीकडूनही दिसत होती.

डॉक्टर वृषालींनी तिच्या नवऱ्याला, कानिफनाथला, बाजूला घेतलं. बर्ड फ्लूचा हा विषाणू गोळीला दाद देत नाही, असा त्यांना संशय होता. उपाय एकच उरला होता. विषाणूशी झुंजायला शरीर स्वतः जे प्रथिन बनवतं, ते इंटरफेरॉन बाहेरून टोचायचं. पण उपचार अजून चाचणीतला. गोळी निकामी झाल्याचं ठोस कारण असल्याशिवाय रुग्णालयाची समिती परवानगी देत नव्हती, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला दोन दिवस होते.

"तेवढा वेळ तिच्याकडे नाही," वृषाली म्हणाल्या. "खरं सांगा दादा. ही गोळी घरात आधी कोणी घेतली होती का? तसं असेल तर विषाणू तिला सरावलेला असणार."

बाजारातून आणलेली कोंबडी साफ केली आणि आजारी पडली, असं कानिफनाथने भरती करताना ठोकून दिलं होतं. तिसगावच्या आपल्या कोंबड्यांच्या शेडाचं नावही काढलं नव्हतं. शेड कळलं की सरकारी माणसं येणार आणि किलोमीटरभरात एक पाखरू जिवंत ठेवणार नाहीत. अतिशहाणपणा नडला होता, दुसरं काय!

काचेपलीकडे शुभांगीने मान वळवली. तिला तो दिसला की नाही, कळलं नाही.

"कोंबड्यांनी," तो म्हणाला.

"कोंबड्यांनी?" वृषालींनी विचारलं.

"पाखरं मान टाकायला लागली, म्हनून मीच पान्याच्या टाकीत गोळ्या कालवल्या. पंधरा दिवस. शेड झाडायला हीच जायची."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फोन लावले, आधी समितीला, मग पशुसंवर्धन खात्याला. तासाभरात पहिलं इंजेक्शन गेलं. गुण येईल का, ते त्याही सांगू शकत नव्हत्या. खात्याच्या माणसाने फोनवरूनच कानिफनाथला फर्मावलं, आसपास कोणाकडे किती कोंबड्या आहेत, यादी करून ठेव.

बाहेर बाकावर तिसगावची शेजारीण कलाबाई डबा घेऊन बसली होती. पाच दिवस म्हातारी एसटीने ये-जा करत होती.

"सुई टोचली का रं?"

"टोचली, मावशी."

"मंग उठंल ती. घरी तर येऊ दे, माझ्या गावरान कोंबड्यांची अंडी खाऊ घालते रोज."

कानिफनाथने खाली बघूनच विचारलं, "किती हायेत गं तुझ्या?"

"सव्वीस," कलाबाई कौतुकाने म्हणाली. "तुझ्या बायकूला कमी पडायची न्हाईत."