इंजिन बंद, उतारावर

उतार लागला तसं मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि गाडी नुसती सोडून दिली. खडखड शोधायची त्यांची ही जुनी रीत. इंजिन गप्प बसलं की बाकीची गाडी बोलायला लागते, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. गाडी पन्नास वर्षांची, उघडी. कापडी टप वर ओढून घेतलेला, काचा बंद. एरवी अशा फेरीला शेजारी मिस्त्रींची बायको असायची. आज तिच्या जागी गाडीचे मालकच हट्टानं बसले होते. निवृत्त फोटोग्राफर, अंगानं काटकुळे, दोन्ही हात मांडीवर.

गाडी खाली येऊन थांबली.

"बघा काका. चिडीचूप."

"वाजतंय अजून," फोटोग्राफर म्हणाले. "बारीक आहे, पण आहे."

आज उतारावरची ही त्यांची तिसरी खेप. टपाची गळती सकाळीच मिटली होती. बायको टप लावून आत बसली, मिस्त्रींनी वरून पाइपानं पाणी मारलं आणि तिच्या हातातला कागद कोरडाच बाहेर आला. गळती डोळ्यांना दिसते, तिच्यावर वाद होत नाही. खडखडीचं तसं नाही. तिथे मिस्त्री म्हणतील ते खरं. लोक त्यांना कानसेन म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

"काका, तीस वर्षं हेच करतोय मी. आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे."

फोटोग्राफरांचा चेहरा पडला.

वर्कशॉपच्या फाटकातल्या उंचवट्यावर एक गचका खाऊन गाडी आत आली तेव्हा बायको मशीनवर दुसऱ्या एका टपाची किनार शिवत होती. टप शिवायचं काम तिचं. मिस्त्रींनी दिलेली किल्ली हातात फिरवत फोटोग्राफर तिच्यापाशी गेले.

"ताई, मुलाचंच खरं म्हणायचं. तो म्हणतो, बाबा, तुम्हाला नाही नाही ते ऐकू येतं, आता गाडी चालवणं पुरे. मी म्हटलं, कानसेन काय सांगतात ते बघू. त्यांनीही तेच सांगितलं." ते हसल्यासारखं करून म्हणाले, "गाडीला गिऱ्हाईक त्यानं बघूनच ठेवलंय. उद्या देतो किल्ली."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. स्वारी फडक्यानं हात पुसत होती, स्वतःवर बरीच खूश. ती उठली, गाडीपाशी गेली आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्यात, टपाचा आकडा अडकतो तिथे, तळवा टेकवून उभी राहिली.

मिस्त्रींचे हात फडक्यातच राहिले.

दोन वर्षं ती प्रत्येक फेरीला असाच कुठेतरी हात टेकवून बसायची. कधी दाराला, कधी डॅशबोर्डला, कधी सीटच्या मागे. ते चिडवायचे, "माझ्या गाडीत बसून जीव मुठीत धरतेस होय?" ती म्हणायची, "धरायला काहीतरी लागतंच की." आणि मग दोन मिनिटांनी त्यांना नेमका तिथेच आवाज सापडायचा. घरात फोन वाजला की "अहो, फोन" म्हणून आतून तीच हाक मारायची, हेही त्यांना आत्ता आठवलं.

ते तिच्याजवळ गेले. "कधीपासून?"

"झाले की दिवस. बोलले असते तर तुम्ही पाना कायमचा खाली ठेवला असता."

आकडा पिळून घट्ट करायचा आणि काकांना सांगायचं, फाटकात शिरताना मलाही ऐकू आलं बघा. कोणाला काही कळलं नसतं. हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि तो आला याचीच त्यांना जास्त लाज वाटली. कान गेले तर गेले, वय झालं की जातात. पण धडधाकट कानाच्या माणसाच्या हातातून गाडी सुटायची वेळ त्यांनी आणली होती, तीही ऐटीत.

"काका, किल्ली खिशात ठेवा," ते म्हणाले. मान वर होईना. "आवाज आहे. तुमचे कान चांगले आहेत. माझे गेलेत."

"असू द्या हो," फोटोग्राफर घाईघाईनं म्हणाले. त्यांनाच कसंतरी झालं.

"असू द्या कसं? सरळ वेड्यात काढलं मी तुम्हाला. मुलाला मीच फोन करून सांगतो." मग बायकोकडे न बघता ते म्हणाले, "चल. बस पुढे."

पुन्हा तोच उतार. काका मागे, ती शेजारी. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. त्यांच्या कानावर फक्त टायरची घरघर येत होती. इतके दिवस ते यालाच शांतता म्हणत आले होते.

"वाजतंय?"

"हो."

"कसं वाजतंय? सांग ना मला."

तिनं बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून मांडीवर ठेवलं आणि गिअरवरच्या त्यांच्या हातावर बोटानं हळूच वाजवून दाखवलं. एकदा. मग लागोपाठ दोनदा. मग जरा थांबून पुन्हा एकदा.

"अगदी असंच," मागून काका म्हणाले.