राहिलेला चौक

“पोवाड्याच्या शेवटच्या चौकात शाहीर आपलं नाव गुंफतो,” आठशे वर्षांच्या गाण्यांचा प्रवास उलगडताना काळसेकरांनी गच्च भरलेल्या नाट्यगृहाला सांगितलं. “पण माझ्या आजोबांच्या या पोवाड्यात नावच नाही. किती निरिच्छ माणूस!”

आजोबा म्हणे! मागे उभं राहून ‘जी जी रं जी’ अशी झील धरणाऱ्या हौसाने दात आवळले. पोवाडा तिच्या बापाचा होता. काळसेकरांनी बघायला म्हणून नेलेली वही बाप मरेपर्यंत परत आली नव्हती. फक्त वहीचं शेवटचं पान निसटून घरीच राहिलं होतं. ते पाठ करूनच हौसा काळसेकरांच्या साथीला लागली होती.

पोवाडा संपला. टाळ्या पडायच्या आत हौसा पुढे आली आणि तिने तो राहिलेला चौक खड्या आवाजात म्हटला. शेवटच्या ओळीत नाव आलं, शाहीर धोंडू तांबट.

काळसेकर पांढरेफटक पडले.

“बघताय काय?” हौसाने माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. “झील धरा.”

सगळं नाट्यगृह वाट बघत होतं. काळसेकरांच्या तोंडून कसंबसं निघालं, “जी जी रं जी.”